नेरकरांचा पहारेकरी

मी कारखान्यात रुजू झालो त्या सकाळी भास्कर नेरकर माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मी शेठच्या केबिनबाहेर उभा होतो. एक उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात भिंग ठेवणारा माणूस समोरून आला, थांबला, माझ्या पाठीमागे गेला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा समोर उभा राहिला.

"कॉलर उलटवून घेतलेली दिसते," ते म्हणाले. "टाके सरळ आहेत. चालेल."

"काय चालेल?"

"तुम्ही. पुढून नवाकोरा आणि मागून उसवलेला माणूस मला हिशोबाला नको होता. पुढून सगळेच रंगवलेले असतात, भागवत. पाठ बघावी."

हे आमचे स्टोअरकीपर. सुरतेत नवापुऱ्यातल्या एका जरीच्या कारखान्यात मी हिशोबनीस होतो आणि चांदीच्या तारेच्या रिळांची कोठी नेरकरांच्या ताब्यात होती. मूळचे ते खानदेशातले, अमळनेरकडचे. घरी अहिराणी, कारखान्यात गुजराती आणि माझ्याशी शाळेत शिकवतात तसली शुद्ध मराठी बोलत. कोणत्याही भाषेत बोलले तरी संशय मात्र एकाच पट्टीचा असे. रीळ हातात आले की उलटे करून बघायचे. पावती आली की उजेडासमोर धरून मागून वाचायचे. हॉटेलात चहाची बशीसुद्धा उचलून तिचा तळ तपासायचे.

एका गणेशोत्सवात मी त्यांच्याबरोबर मूर्ती घ्यायला गेलो होतो. त्यांनी मूर्ती उचलली आणि सरळ फिरवली. मूर्तिकार मराठीच होता. तो घाबरून म्हणाला, "काका, गणपतीची पाठ बघत नाहीत! दारिद्र्य येतं."

"हे तुम्ही लोकांनीच पसरवलंय," नेरकर म्हणाले. "तेवढाच रंग वाचतो."

मूर्तीची पाठ खरोखरच कोरी होती. त्यांनी तीच मूर्ती घेतली. पूजेला बसवण्याआधी स्वतः पाठीवर उपरण्याच्या चुण्या रंगवल्या, असे मला पुढे कळले. तेव्हा मात्र मी एवढेच मनात टिपले की हा माणूस देवावरही विश्वास टाकत नाही.

कारखान्यातली एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. जरी म्हणजे चांदीची तार दाबून चपटी करायची आणि धाग्यावर गुंडाळायची. हे करताना चांदीचा बारीक कीस जमिनीवर पडतो. त्यामुळे आमच्याकडे केर कधीच टाकून देत नसत. रोजची झाडलोट पोत्यांत भरून ठेवायची, पोती पुरेशी झाली की ती धुऊन, वितळवून त्यातली चांदी परत काढायची. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाने दारातल्या चादरीवर उभे राहून कपडे झटकायचे. हा नियम नेरकरांनी आणला होता. चादरीवर पहिले तेच उभे राहत. बाह्या झटकत, विजारीच्या घड्या उलगडत, मग हात वर करून एक गिरकी घेत. कामगार हसत. "नेरकरभाई गरबे घुमे छे!" असे कुणीतरी मागून म्हणे. नेरकर वळून म्हणत, "हसून झालं की तूही फिर. पाठ दाखव."

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती दोनतीन वर्षे. सगळ्या शहराला झाडण्याचे वेड लागले होते, गल्ल्या कधी नव्हे इतक्या स्वच्छ दिसत होत्या. आणि नेमकी त्याच काळात आमच्या झाडलोटीतून निघणारी चांदी घटू लागली. काम तेवढेच, कामगार तेच, केराची पोतीही तेवढीच. चांदी मात्र दर खेपेला कमी. आकडे एकदा चुकतात, सारखे एकाच दिशेने चुकत नाहीत. मी आजूबाजूला बघायला लागलो आणि माझी नजर फिरून फिरून नेरकरांवरच येऊन थांबू लागली.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून रेवाबेन नावाची बाई कुटुंबासह धूळ धुण्याचे काम करी. जरीवाल्यांचा आणि सोनारांचा केर विकत घ्यायचा, पाण्यात घोळायचा, त्यातले मोलाचे काढायचे, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. आमचा केर तिला देत नसू. तरीही नेरकर दुपारच्या सुटीत तिच्याकडे जाऊन उकिडवे बसलेले मला दिसले, आणि येताना त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा पुडी. त्यांच्या नखांच्या कडेला चंदेरी रंग असे, आणि सोमवारी शर्टाला टर्पेंटाइनचा वास येई. मग एकदा त्यांच्या नावाचे विलायतेचे पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर आले. आकाराने लहान, पण विलक्षण जड. एका कोपऱ्यात फाटले होते. आत करड्या धातूचे तुकडे दिसले. मी नखाने ओरखडून पाहिले. शिसे होते.

आमच्या धंद्यात शिशाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. चांदीमिश्रित धूळ शिशाबरोबर वितळवली की शिसे चांदीला आपल्यात ओढून घेते. मग हाडाच्या राखेच्या वाटीत तापवले की शिसे वाटीत जिरते आणि चांदीचा थेंब तेवढा उरतो. धूळ, धूळ धुणारी बाई, शिसे आणि चंदेरी नखे. आणखी काय हवे होते?

मला आडून विचारता येत नाही. पार्सल त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटले, "नेरकर, झाडलोटीतली चांदी घटते आहे. तुम्ही रेवाबेनकडून पुड्या आणता. हे शिसे आहे. मला तुमचा संशय येतो."

त्यांनी पार्सलाचा फाटका कोपरा नीट दुमडला. रागावले नाहीत. उलट माझ्याकडे निराशेने बघत म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून शेठला सांगितलं नाही?"

"नाही."

"चूक केलीत. आधी शेठला सांगायचं. मला सावध करून काय मिळवलंत? आता मी घरी निरोप धाडला, माल हलवला, तर?"

"हलवणार आहात?"

"मला कशाला विचारता! आत्ता जा, सांगा. आणि मला नजरेआड होऊ देऊ नका. संडासलाही बरोबर कुणीतरी द्या."

तासाभरात आम्ही शेठच्या गाडीतून नवागामला, नेरकरांच्या घरी निघालो. पुढे हसमुखशेठ, मागे मी आणि नेरकर. शेठ मनाने वाईट नव्हते, पण त्या दिवशी मागे वळून न बघताच बोलले, "नेरकरभाई, तुमने खुद सामेथी घर देखने को बोला, इसलिए पुलिस नहीं लाया. पण चांदी नीकळी तो कल से मत आना. ने बजार मां दूसरी नोकरी पण नहीं मळशे."

नेरकर एवढेच म्हणाले, "बरोबर आहे. मीही हेच सांगितलं असतं." त्यांना निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. जरीच्या बाजारात चांदीचोर असे नाव पडले की माणसाला वॉचमनची नोकरीही मिळत नाही. त्यांचे हात मांडीवर पालथे ठेवलेले होते आणि चंदेरी नखे आम्हा दोघांनाही दिसत होती.

दार वहिनींनी उघडले. शेठना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला विचारले, "काय झाये हो?"

"काही नाही. तपासणी आहे. मधल्या खोलीत कुणी जाऊ नका."

"मी कसाले जाऊ तठे? मालेबी हात लावू देतस नही," वहिनी आम्हाला म्हणाल्या. "बठा ना भाऊ. चहा ठेवस."

मधल्या खोलीत खिडकीशी टेबल होते. त्यावर वर्तमानपत्र, कापडावर रंगवायच्या रंगांच्या बाटल्या, त्यांत चंदेरीही, टर्पेंटाइन, गॅरेजमध्ये गाड्यांना मारतात त्या करड्या प्रायमरचा डबा, चारदोनच केस ठेवलेले ब्रश, सुतारांचा पांढरा गोंद, वापरून वाळवलेली चहाची पूड. आणि पलीकडे, भिंतीला लावलेल्या फळीवर, सैन्य उभे होते.

बोटाच्या दोन पेरांएवढी, शिशात ओतलेली माणसे. माणसे तरी कशी म्हणू? दाढी कमरेपर्यंत लोंबणारे बुटके, भाले घेतलेले सांगाडे, लांब कानांचे तिरंदाज, एक हिरवा, पोट सुटलेला राक्षस. प्रत्येकाच्या पायाखाली वाटोळी चकती आणि चकतीवर जमीन: कुठे खडे, कुठे चिखल, कुठे सुकलेले गवत. नेरकरांच्या बहिणीचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. त्याने पहिला डबा आणला तो मामांना गणपतीपुढच्या आराशीला म्हणून. डब्यात युद्धाच्या खेळाचे नियम निघाले. टेप घेऊन अंतर मोजायचे, फासे टाकायचे, लढायचे. मामा त्यात बुडाले ते बुडालेच; पुढचे शिपाई ते विलायतेहून पार्सलाने मागवू लागले.

शेठनी खिशातून चष्मा काढला. बराच वेळ वाकून बघत राहिले. "आ शुं छे, नेरकरभाई? रमकडां?"

"हो. खेळणी."

"तमे रमो छो? कोनी साथे?"

"एकटाच. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो." नेरकरांनी भर घातली, "तरी लबाडी होते."

शेठनी हिरवा राक्षस उचलला. त्याचे पोट, त्याची मान, हात कमरेवर ठेवून उभे राहण्याची ढब पाहून मला जे वाटले ते मी बोललो नाही, कारण मी शेठच्या पगारावर होतो. पण शेठच हसत सुटले आणि मला म्हणाले, "महेताजी, जुओ तो! आ तो मारा साळा जेवो ज लागे छे!" नेरकर खिडकीबाहेर बघत राहिले.

हसणे संपल्यावर शेठनी राक्षस उलटा केला. चकतीच्या कडेला काळ्या मातीत बारीकसे काही चमकले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा बंद झाला. "आ धूळ?"

"रेवाबेनची. धुऊन सगळं काढून घेतल्यावर ती जी फेकते, ती. विचारा तिला." मग माझ्याकडे वळून नेरकर म्हणाले, "नदीची वाळू चाळून पाहिली होती मी. जमत नाही. रणांगणाची जमीन तुडवलेली पाहिजे, भागवत. ही धूळ माणसांच्या पायाखालून गेली आहे, आणि आत काही राहिलेलं नाही. गोंद लावायचा, धुळीत बुडवायचं, फुंकर मारायची. मग वर पातळ काळा रंग सोडायचा, तो आपणहून भेगांत जाऊन बसतो."

हे सगळे पटण्यासारखे होते. पण पटण्यासारखे बोलता येणे हा पुरावा नव्हे. मी तसे म्हटलेही.

"अगदी," नेरकर म्हणाले. "बाबूरावांकडे चला. वितळवून बघू."

शेठ म्हणाले, धूळ खरवडून घेतली तरी पुरे. नेरकरांनी मान हलवली. "नुसती धूळ दिली तर म्हणाल, चांदी बाहुलीत ओतलेली होती. आणि बाबूरावांचं शिसं वापरलं तर म्हणाल, त्यातच होती किंवा त्यानेच काढून घेतली. धूळ माझी, शिसंही माझं. एक अख्खी मूर्ती वितळवा."

"मग द्या एक," मी म्हणालो.

"मी दिली तर म्हणाल, कोरी बघून दिली. तुम्ही निवडा."

मी फळीपुढे उभा राहिलो. त्या चित्रकलेतले मला काही कळत नव्हते. मला कळत होती ती बेरीज. जिच्या तळाशी धूळ सर्वांत जास्त ती मूर्ती. सैन्याच्या पुढे, एकटाच, मोठ्या चकतीवर एक बुटका पहारेकरी उभा होता. डाव्या हातात भाला टेकलेला, उजव्या हातात कंदील उंच धरलेला. मी त्याच्याकडे बोट केले.

नेरकरांचा हात फळीपर्यंत जाऊन क्षणभर थांबला. मग त्यांनी तो उचलला आणि माझ्यापुढे धरला. "पाठ बघून घ्या."

मी पाहिले. त्याच्या झग्याला पाठीवर ठिगळ होते आणि ठिगळाला टाके होते. वेगळ्या रंगाच्या धाग्याचे, सरळ. पुढून कंदिलाचा पिवळा उजेड दाढीवर आणि एका गालावर पडला होता. उजेड कुठून आणला असेल, असा प्रश्न मला पडला आणि मग लक्षात आले, तोही रंगच आहे.

बाबूराव आमच्या बाजारातले गलाईवाले, विट्याकडचे. सोनेचांदी वितळवण्याच्या कामात त्यांच्या शब्दावर लाखांचे व्यवहार चालत. त्यांनी पहारेकऱ्याला तळहातावर घेतले. "आईशप्पथ! ह्यो वितळवायचा? शेठ, धूळ खरवडून घेतो की."

"अख्खा," नेरकर म्हणाले.

मुशीत आधी रंग जळाला. दाढी गेली, कंदील गेला, मग भाला वाकला आणि तो खाली बसावा तसा बसला. शेठ तोंड फिरवून बाहेर गेले. नेरकर भट्टीपासून हलले नाहीत. बाबूरावांनी वितळलेले शिसे राखेच्या वाटीत ओतले आणि आम्ही वाट बघत बसलो. वाटी लाल झाली, शिसे जिरत गेले, आणि शेवटी तळाशी काहीतरी चमकले.

मी उठून वाटीवर वाकलो. शेठ धावत आत आले.

बाबूरावांनी चिमट्याने तो कण उचलला. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. "एवढं तर समद्याच धुतल्याल्या धुळीत ऱ्हातं, शेठ. तुमच्या केरात असतं तर वाटाण्याएवढं पडलं असतं. ह्यात कायबी न्हाई."

मी खात्रीसाठी कण काट्यावर ठेवला. काटा हलला नाही.

शेठनी नेरकरांचे दोन्ही हात धरले. "माफ करो, नेरकरभाई."

"माफी कसली? एक मूर्ती तपासली. फळीवर बाकीच्या आहेत." मग त्यांनी तो कण कागदावर घेऊन शेठपुढे केला. "हा जमा करून घ्या. आमच्या घरी नको."

शेठनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. परतताना गाडीत नेरकरांनी एकच गोष्ट मागितली: टेबलावर पाहिलेले कारखान्यात कुणाला कळू नये. "पन्नाशी उलटलेला माणूस बाहुल्या रंगवतो हे कळलं, तर उद्यापासून चादरीवर कोण उभं राहील?" शेठनी शब्द दिला आणि पाळला.

मला वाटले होते की नेरकर काही दिवस तरी गप्प राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी हजर. "तुमचे आकडे बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग मी नाही तर कोण? बसलात काय? उठा."

ते मला तार चपटी करण्याच्या यंत्रांच्या खोलीत घेऊन गेले. उन्हाळ्यात शेठनी तिथे हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला होता, मागच्या गल्लीकडे तोंड करून. नेरकरांनी पुठ्ठ्याच्या तुकड्याला ब्रशने पांढरा गोंद लावला, अगदी चकतीला लावतात तसा पातळ, एकसारखा. गल्लीत जाऊन तो पंख्यापुढे धरला. थोड्या वेळाने पुठ्ठा खाली केला, हळूच फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. तो चंदेरी झाला होता.

"खोली रोज झाडता," ते म्हणाले. "वारा कोण झाडतं?"

आकडा घटायला लागला तो पंखा बसल्यानंतरच, हे मी टेबलावर परत येऊन पडताळले. रेवाबेन रोज पहाटे ती गल्ली झाडत असे, शहर स्वच्छ ठेवायला म्हणून. पंख्यापुढे जाड कापडाची पिशवी बांधली गेली तेव्हा तिने भिंतीपलीकडून ऐकवले, "वाह रे नेरकरभाई! तमारो पंखो बंधायो ने अमारी दिवाळी गई!" पुड्या देणे मात्र तिने थांबवले नाही.

त्यानंतर मी रविवारी दुपारी नवागामला जाऊ लागलो. त्यांना प्रतिस्पर्धी मिळाला आणि मला मोजायला काहीतरी. मी सांगाड्यांच्या बाजूने खेळे. अंतर टेपने मी मोजायचो, ते पुन्हा मोजायचे, आणि मग टेपच खरी आहे का ते पट्टीला लावून बघायचे. "नाही पटत," असे म्हणून फासे मिठाच्या पाण्यात तरंगवून कोणती बाजू जड आहे ते तपासायचे. वहिनी चहा ठेवताना म्हणत, "आते दोन येडा झायात."

खेळताना त्यांच्या सैन्याच्या पुढे एक जागा नेहमी मोकळी असे. भाचा पुढच्या खेपेला तसाच दुसरा बुटका घेऊन आला, पण त्यांनी तो मागच्या रांगेत उभा केला. मग एकदा वहिनींनीच सांगितले की कंदीलवाल्यावर ते नवरात्रात बसले होते आणि संक्रांतीला उठले होते. गालावरचा उजेड पुसून पुसून पुन्हा काढला होता. मी नेरकरांना विचारले, "मी बोट केलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दुसरा घेतला असता?"

"नाही. तोच घेतला असता. त्याच्या तळाशी धूळ जास्त होती."

"मग झालं तर," ते समाधानाने म्हणाले. "तुम्ही संशय घेतला नसता तर मला तुमचा संशय आला असता."

माझे आजही तेच मत आहे. तेव्हा माझ्यापुढे जे होते त्यावरून दुसरा अर्थ निघत नव्हता. निवडही बरोबर होती.

निवृत्तीनंतर ते अमळनेरला गेले. निघायच्या दिवशी कारखान्याच्या चादरीवर शेवटचे उभे राहिले, बाह्या झटकल्या, हात वर करून गिरकी घेतली. त्या दिवशी कुणी हसले नाही. मला त्यांनी काड्यापेटीएवढी एक डबी दिली आणि घरी जाऊन उघडायला सांगितले. पुढच्याच हिवाळ्यात ते गेल्याचे वहिनींनी कळवले. सैन्य भाच्याकडे आहे.

डबीतली वस्तू माझ्या टेबलावर असते. एक मोठी वाटोळी चकती. तिच्यावर रेवाबेनची काळी, तुडवलेली धूळ, कडेला दोन खडे, सुकलेले गवत. वर कुणीच नाही. येणारे जाणारे विचारतात, हे काय अर्धवट? मी चकती त्यांच्या हातात देतो आणि उजेडाकडे धरायला सांगतो. तेव्हा दिसतात ते मध्यावर मातीत उमटलेले दोन बुटांचे ठसे, टाचेच्या खिळ्यांसकट. त्यातला डावा ठसा उजव्याहून किंचित खोल आहे, आणि त्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढे एक भोक आहे.

भाला त्या बाजूला होता. भार तिकडे पडत असणार.